दोन ठोक्यांमधली जागा

मंगळवारी कानाची ओपीडी असते.
खोली म्हणजे जुनं कोठार,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, माझ्याच हातांनी चिकटवलेले,
तरी पलीकडच्या चक्कीचा पट्टा ऐकू येतोच,
आणि ओट्यावर कोणी खर्रा घोटत असेल तर तोही.

सुकेशनी देवानंद पाझारे, वय सात, मुक्काम खैरगाव.
आई म्हणाली, "मुकी नाई जी पोरगी,
बोलनं अस्ते हेच तिले माहीत नाई."
बापाला सर्टिफिकेट हवं होतं.
"टक्के किती बसतीन?"
त्याच्या अंगठ्याच्या नखात वाळलेला चुना.

हेडफोन लावला. तीस. पन्नास. नव्वद.
नव्वदला बाहेरचं कुत्रंही उठलं असतं.
ती माझ्या टिकलीकडे बघत राहिली.

मी फॉर्म भरत होते
आणि मनात, कोणाला न सांगता, आत उतरत होते:
गोगलगाईसारख्या हाडात पाणी, पाण्यात पेशी,
पेशीच्या माथ्यावर केस, ओंबीची कुसळं जशी,
आवाज आला की सगळी एका अंगाने कलतात.
शेंड्याला शेंडा बांधलेला.
दोरा ताणला की वरचं दार उघडतं, पोटॅशियम आत येतं.
एवढ्याने काही ऐकू येत नाही.
निरोप खाली बुडाशी द्यायचा असतो,
तिथे दुसरं दार,
आणि दाराबाहेर कॅल्शियम ताटकळत.
कॅल्शियम म्हणजे, देवानंदभाऊ, तुमच्या डबीतलाच चुना,
चिमूटही नको, चिमटीचा भास पुरे.
तो आत शिरला
की रांगेत थांबलेल्या पिशव्या फुटतात,
नस दचकते,
आणि मग कुठे "सुकेशनी" हा शब्द
सुकेशनीपाशी पोचतो.
पापणी लवेपर्यंत शंभरदा होतं हे.

तुमच्याकडे रात्री बाराला लाईन येते ना?
मोटर सुरू, दांड काठोकाठ,
तरी वाफ्याच्या तोंडचं ढेकूळ फावड्याने सारावं लागतं.
हिच्या कानात पाणी वाफ्याच्या तोंडाशी आहे.
सात वर्षं.

यातलं एक अक्षर बोलले नाही.
हेडफोन काढताना तिचं मनगट हातात आलं, तेवढंच.
ठोका.
मी वाट पाहिली.
चक्कीत कोणी पायली ओतली, झाकण आपटलं.
ठोका.
घड्याळ लावून मोजले: मिनिटाला बेचाळीस.

"खेळताना पडते का ही?"
"पडते न. डोये फिरोते, मंग उठते आपलीआपली.
आमाले वाटे, उन्ह लागलं."
"तुमचं लगन नात्यातलं?"
आईने पदर सारखा केला.
"मामाच्याच घरी देल्लं मले."

तेच दार.
हृदयाला ठेका धरून देणाऱ्या पेशींतही तेच दार असतं,
एका अक्षराची चूक, आणि कान पूर्ण बंद,
छाती अर्धी.
परीक्षेपुरतं वाचलं होतं, लाल शाईने अधोरेखित.
असेलच असं नाही. नागपूरहून कागद येईल तेव्हा कळेल.
तोवर मला एवढंच दिसतं
की जिला ऐकू येत नाही म्हणून आणली
तिची छाती कोणी ऐकली नव्हती.

ईसीजीची थंड जेली लावली तशी ती हसली,
मोठ्याने, भसाड्या, मोकळ्या आवाजात,
जो खोलीत फक्त तिलाच माहीत नव्हता.

पट्टीची एक जास्तीची प्रत तिला दिली.
तिने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं.
शिखर, मग लांब सपाट रेघ, मग शिखर:
मधे साडेतीन सेंटिमीटर.
पहिल्या जागेत तिने बंडी काढली, दोन्ही बैलांसकट.
दुसरीत बंडीतून सांडलेली बोंडं.
तिसरीत मी, टिकली माझ्या तोंडाएवढी.

देवानंदने डबी काढली, उघडली,
पांढऱ्याकडे पाहिलं, आणि तशीच मिटली.
"टक्के मंग, बाई?"

सकाळी याच मशीनवर एका पोराची पट्टी काढली होती,
धडधाकट पोराची.
तिच्यात बंडी मावली नसती.